थांबवलेली पिशवी

रविवार, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. उस्मानपुऱ्यातल्या एका गल्लीच्या तोंडाशी लोखंडी झाकण बाजूला सारून इंद्रजीत साळवे गुडघ्यांवर बसला होता. हातभर लांब चावी खड्ड्यातल्या वॉल्व्हवर बसवून तो एकेक आटा सोडत होता. पाण्याचा जोर एकदम सोडला तर जुन्या लाइनचे जोड उखडतात, म्हणून हे काम हळू करावे लागते. पाइपातून आधी हवेचा सुस्कारा आला, मग पाण्याची घरघर. पहिल्या घरातून मोटारीचा आवाज सुरू झाला. इंद्रजीतने झाकण सरकवले आणि हात पँटला पुसले.

इंद्रजीत एकतीस वर्षांचा. महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात कंत्राटी लाइनमन. ज्या गल्ल्यांना तो पाणी सोडतो, त्यांना आठवड्यातून एकदाच पाणी मिळते. त्यामुळे त्याच्या येण्याजाण्यावर लोकांचे कपडे, अंघोळी आणि पाहुण्यांची आमंत्रणे ठरतात. त्या दिवशी मात्र त्याला सकाळची फेरी लवकर उरकायची होती. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आदल्या दिवशी वस्तीतल्या मंडळाचे रक्तदान शिबिर असते. शिबिरातली पहिली पिशवी इंद्रजीतची, ही तेरा वर्षांची रीत होती.

रीत पडली ती त्याच्या आईमुळे. मालनबाईंचे गर्भाशयाचे ऑपरेशन झाले तेव्हा रक्त कमी पडले आणि मंडळाची पोरे मध्यरात्री मोटारसायकलींवर रक्तपेढीत पोचली. तेव्हा इंद्रजीत सतराचा होता. अठरा पूर्ण झाल्यावरच्या पहिल्या जयंतीला तो सगळ्यांच्या आधी जाऊन खाटेवर झोपला. पुढच्या वर्षी त्याची वाट बघून खाट रिकामी ठेवली गेली. तेव्हापासून सूत्रसंचालक त्याचे नाव पुकारतो, टाळ्या होतात, आणि मगच शिबिराचे उद्घाटन झाले असे मानतात.

यंदा त्याच्या रक्त देण्यामागे आणखी एक कारण होते, आणि ते त्याने कुणाला सांगितले नव्हते.

मार्चच्या शेवटी तो सोयगावला एका मित्राच्या लग्नाला गेला होता. तिथे त्याला सोनिया भेटली. कॉलेजात एकाच वर्गात होते दोघे. आता ती नवऱ्यापासून रीतसर वेगळी होऊन सोयगावातच ब्यूटी पार्लर चालवते. लग्न आटोपल्यावर इंद्रजीत दोन दिवस जास्त राहिला. दोघांत जे झाले ते तोंडाने झाले, त्यापुढे ते गेले नाहीत. कंडोम जवळ नव्हता, आणि एवढ्यासाठी तो लागतो असे दोघांनाही वाटले नव्हते. 

शिबिराच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी, तिचा फोन आला.

"इंद्रजीत, नीट ऐक. मधी बोलू नको," ती म्हणाली. "माझ्या तळहातावर लाल डाग आले होते. मला वाटलं, ब्लीचनं झालं. हातमोजे घालून काम केलं तरी जाईनात. डॉक्टरनं रक्त तपासलं. सिफिलिस निघालंय. मी इंजेक्शन घेतलं. तू तपासून घे."

"पण आपण तर तसलं काही…"

"तोंडानंपण लागतं म्हणाल्या डॉक्टर. मी विचारलं."

इंद्रजीतने विचारले ते नेमके नको ते होते. "तुला कोणाकडनं आलं?"

"ते माझं मी बघते. तू तुझं बघ," असे म्हणून तिने फोन ठेवला.

शुक्रवार आणि शनिवार त्याने विचारात घालवले. सरकारी दवाखान्यात जायचे तर तिथे ओळखीचे लोक. खासगी लॅबमध्ये जायचे तर काउंटरवर नाव सांगून तपासणीचे नाव मोठ्याने घ्यायचे. मग त्याला शिबिर आठवले. दिलेले रक्त रक्तपेढीवाले तपासतातच; एचआयव्ही, कावीळ, सिफिलिस, सगळे. काही निघाले तर बोलावून घेतात. मंडळातली पोरे अर्ध्या गमतीत आणि अर्ध्या खऱ्याने म्हणत, "आपलं वर्षाचं चेकअप म्हणजे जयंतीचं शिबिर." काही निघालेच तर पिशवी ते फेकून देतील, नाही निघाले तर आपण सुटलो. कुणाला विचारायला नको, कुणाला सांगायला नको. शिवाय पहिली पिशवी दिली नाही तर शंभर जण विचारणार, का नाही दिली. हिशोब त्याला चोख वाटला.

शिबिर बुद्धविहाराच्या सभागृहात होते. खाटांच्या आधी एक टेबल. तिथे रक्तपेढीच्या समुपदेशक प्रेरणा हिवराळे प्रत्येक दात्याला प्रश्न विचारत होत्या. ताप आला होता का, गोळ्या चालू आहेत का, अलीकडे दात काढला का, गोंदवून घेतले का. टेबलामागे निळा झेंडा, टेबलापुढे फोटो काढणारी पोरे.

शिबिराचा सगळा कारभार शिवम मगरेकडे. तो इंद्रजीतचा लहानपणापासूनचा दोस्त. मोबाइल उंच धरून तो इंद्रजीतच्या खांद्याशी उभा होता.

"ताई, ह्याला काय विचारता?" शिवम म्हणाला. "ह्याचं रक्त म्हणजे फिल्टरचं पाणी. स्वतः वॉल्व्ह उघडून देतो."

"आणि तुमचं, दादा?" प्रेरणाताई कागदावरून नजर न काढता म्हणाल्या.

"आमचं टँकरचं!"

पोरे हसली. त्या हसण्यातच प्रेरणाताईंनी पुढचा प्रश्न विचारला: गेल्या काही महिन्यांत असुरक्षित लैंगिक संबंध, किंवा जोडीदाराला तसला काही आजार? शिवमचा श्वास इंद्रजीतच्या कानाला लागत होता.

"नाय," इंद्रजीत म्हणाला.

त्याचे नाव पुकारले गेले, टाळ्या झाल्या, सुई टोचली. पिशवी भरायला पाच-सात मिनिटे लागली असतील. चहा-बिस्किटांच्या टेबलाशी बसल्यावर त्याने शेजारून जाणाऱ्या प्रेरणाताईंना हळूच विचारले, "ताई, रिपोर्ट कधी येतो?"

"कसला रिपोर्ट?"

"रक्ताचा. काही निघालं तर कळवता ना तुम्ही?"

हा प्रश्न प्रेरणाताईंच्या ओळखीचा होता. रक्त द्यायला आलेला माणूस बिस्किटे किती मिळतात ते विचारतो, प्रमाणपत्रावर नाव बरोबर लिहा म्हणतो. रिपोर्ट कधी येतो असे जो विचारतो, तो बहुधा रक्त द्यायला आलेला नसतो. त्या खुर्ची ओढून बसल्या. आजूबाजूला कुणी नाही हे त्यांनी बघितले.

"निघालं तर बोलावतो," त्या म्हणाल्या. "पण दादा, एक लक्षात घ्या. एखादी लागण नुकतीच झालेली असली, तर ती तपासणीत लगेच दिसत नाही. शरीरात आलेली असते, पण दिसायला काही आठवडे जातात. तेवढ्या काळातलं रक्त आमच्या मशीनला चांगलंच दिसतं. ज्या पेशंटला ते चढवलं जातं त्याला मात्र लागण होऊ शकते. म्हणून आम्ही तोंडी विचारतो. मशीनपेक्षा आमचा भरवसा माणसाच्या उत्तरावर जास्त असतो."

इंद्रजीतने चहाचा घोट घेतला.

"काही आठवलं तर ह्या नंबरवर फोन करा," त्यांनी कार्ड पुढे केले. "तुमच्या पिशवीचा नंबर मागं लिहिलाय. फक्त तो सांगायचा, आणि म्हणायचं की ही वापरू नका. कारण सांगायची गरज नाही. कुणी विचारणारही नाही."

"मला काय आठवायचंय?"

"नसेल तर चांगलंच आहे," असे म्हणून त्या पुढच्या दात्याकडे गेल्या.

कार्ड खिशात घालून तो घरी आला. मालनबाईंनी ज्वारीची भाकरी आणि मटणाचा रस्सा केला होता. रक्त दिल्याच्या दिवशी हे ठरलेले. ताट पुढे ठेवताना त्या दर वर्षी जे बोलतात तेच बोलल्या.

"कुणाच्या लेकराला लागंल रे आज तुझं? बाळंतिणीला लागंल का कुण्या म्हाताऱ्याला?"

"मला काय माहीत, आई."

"उद्याच्याला कुणाच्या तरी अंगात जाईन बघ. मलाबी असंच कुणाचं तरी गेलंय. कोण व्हता, काय व्हता, देवाला… कुणाला माहीत." देव हा शब्द त्यांच्या तोंडून अजून निघून जातो, आणि त्या तो परत घेतात. "खा. भाकर गार व्हायली."

इंद्रजीतने अर्धी भाकरी खाल्ली आणि उठला. तो स्वतःला समजावत होता: तोंडानं झालेलं थोडंच धरतात. दोघांचे एकदाच तर झाले होते. आणि मशीन आहेच की. पण उद्याच्याला कुणाच्या तरी अंगात जाईन, हे वाक्य मालनबाईंनी यंदा पहिल्यांदाच म्हटल्यासारखे त्याला ऐकू आले होते.

संध्याकाळी साडेसहाला त्याने मागच्या गल्लीचा वॉल्व्ह सोडला. ही गल्ली लांब आणि चढाची. शेवटचे घर द्वारकाबाईंचे. त्या साठीच्या पुढच्या, एकट्या राहतात. गल्लीत सगळ्यात शेवटी पाणी त्यांच्याकडे पोचते आणि सगळ्यात आधी आवाज त्यांचा येतो. दहा मिनिटांतच त्या रिकामी बादली हातात घेऊन वॉल्व्हपाशी उतरल्या.

"इंद्रा! नळाला टिप्पूस नाय. झोपला का काय तू?"

"मावशी, सोडलंय. ऐका ना आवाज."

"आवाज काय पेऊ का? मी नळ उघडून बघितला, कोरडा ठाक. मोटार लावली, ती बी नुसती गरगर. बंद करून टाकली. आमच्या नशिबी नायच आज पाणी."

"कामून बंद केली? मावशी, तुम्हाला किती वेळा सांगितलं. पाणी इथनं निघालंय. तुमच्यापर्यंत यायला वेळ लागतो. आत्ता नळ कोरडा दिसला म्हणजे लाइनीत पाणी नाय असं नसतंय. पाणी लाइनीत हायेच…"

तो थांबला. द्वारकाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या.

"बोल की. हाये तर काय?"

"हायेच," तो म्हणाला. "अर्ध्या तासानं परत नळ उघडा."

"नाय आलं तर तुझ्या घरी येऊन अंघोळ करीन," असे बजावून द्वारकाबाई बादली आपटत वर निघाल्या.

इंद्रजीत वॉल्व्हच्या कट्ट्यावर बसला. वर्षानुवर्षे तो हेच वाक्य गल्लीगल्लीत सांगत आला होता. सकाळी चहाच्या टेबलावर प्रेरणाताईंनी त्याला तेच सांगितले होते आणि ते त्याला कळले नव्हते. सोयगावहून येऊन तीन आठवडेही झाले नव्हते. मशीनने उद्या त्याची पिशवी तपासली आणि नळ कोरडा दिसला, तर ते म्हणतील पाणी नाही. पिशवी जाईल.

त्याने कार्ड काढले आणि तिथेच बसून फोन लावला. रक्तपेढीतल्या माणसाने प्रेरणाताईंना बोलावले.

"मी इंद्रजीत साळवे. सकाळी शिबिरात…"

"नाव नको, नंबर सांगा."

त्याने कार्डाच्या मागचा नंबर वाचला. त्यांनी तो एकेक आकडा परत म्हणून दाखवला. मग फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला, दार उघडल्याचा, थंड खोलीच्या यंत्राची घुरघुर. तो कानाला फोन लावून वाट बघत राहिला. गल्लीत दोन मुले सायकलीवरून गेली. पिशव्या शिबिरातून दुपारीच पोचल्या होत्या. प्रत्येकीचे तीन रक्तघटक वेगळे करून ठेवले होते, आणि तपासणी दुसऱ्या दिवशी व्हायची होती.

"सापडली," प्रेरणाताई म्हणाल्या. "तिन्ही भाग बाजूला काढून लाल खूण केली. कुठंही जाणार नाही आता."

"नक्की ना?"

"माझ्या हातात आहे."

कारण सांगायची गरज नव्हती. तरी त्याने सांगितले, तुटक तुटक. शुक्रवारचा फोन, सोयगाव, तोंडाने. प्रेरणाताईंनी मधे एकही प्रश्न विचारला नाही. 

"आत्ता सांगितलंत ते बरं केलं," त्या शेवटी म्हणाल्या. "सकाळी टेबलावर सांगितलं असतं तर आणखी बरं झालं असतं. एक सुई वाचली असती, एक पिशवीही."

"ताई, मागं पोरं उभी होती."

"होती," त्या म्हणाल्या. "ते माझ्याकडनं चुकलं. मी त्यांना लांब पाठवायला पाहिजे होतं."

सरकारी रुग्णालयात सुरक्षा क्लिनिक असते, तपासणी आणि औषध फुकट, नाव बाहेर जात नाही. जयंतीची सुट्टी झाली की मंगळवारी सकाळी जा, एवढे सांगून त्यांनी फोन ठेवला. वरून द्वारकाबाईंचा आवाज आला. "आलं रे बाबा! आलं!"

मंगळवारी तो गेला. ज्या खोलीला जुने लोक अजून गुप्तरोगाची खोली म्हणतात, तिच्या दारावर आता सुरक्षा क्लिनिक अशी पाटी आहे. बाकावर त्याच्याआधी एक नवरा-बायको आणि एक पन्नाशीचा माणूस होते. कुणी कुणाकडे बघत नव्हते. आतल्या डॉक्टर मॅडम मात्र थेट बघत.

"काय झालं?"

"तसं काही झालं नाय. फक्त…"

"फक्त तोंडानं?"

इंद्रजीतने मान डोलावली.

"मग झालंच की," मॅडम म्हणाल्या. "बाकावर येणारे निम्मे जण मला 'फक्त' सांगतात."

तपासता तपासता त्या बोलत होत्या. तोंडाने केलेल्या संबंधात एचआयव्हीचा धोका फार कमी असतो, पण शून्य म्हणता येत नाही. तोंडात जखम असली, हिरड्यांतून रक्त येत असले तर वाढतो. सिफिलिसचे तसे नाही. त्याचा फोड ओठावर, जिभेवर, लिंगावर, योनीत कुठेही असू शकतो, आणि कातडीचा कातडीला स्पर्श पुरतो. फोड दुखत नाही. काही आठवड्यांत आपोआप जातो. माणसाला वाटते बरे झाले. आजार आत तसाच राहतो, पुढे अंगावर पुरळ येते, तेही जाते, आणि बरीच वर्षे उपचार नाही झाला तर तो मेंदूपर्यंत, हृदयापर्यंत जाऊ शकतो.

"तोंड उघडा. आ करा."

त्यांनी घशातून कापसाची काडी फिरवली. त्याला उबळ आली.

"ही कशाला?"

"परमा, म्हणजे गनोरिया, घशात बसतो. बहुतेकांना तिथं काहीच होत नाही, फार तर घसा खवखवल्यासारखा वाटतो. लोक लघवी तपासून येतात आणि सांगतात, रिपोर्ट चांगला आहे. लघवीच्या तपासणीत घसा कसा दिसेल? जिथं संबंध आला, तिथलं तपासावं लागतं. म्हणून डॉक्टरला 'फक्त' सांगायचं नाही, काय केलं ते सांगायचं."

रक्ताचा निकाल तासाभरात आला. सिफिलिस नाही, एचआयव्ही नाही. इंद्रजीतच्या चेहऱ्यावर जे आले ते मॅडमना दिसले.

"हसू नका एवढ्यात," त्या म्हणाल्या.

"नाय, मला ठाऊक आहे. नळ कोरडा आहे. पाणी लाइनीत असू शकतं."

मॅडमनी भुवया उंचावल्या. "काय काम करता?"

"लाइनमन आहे. पाणी सोडतो."

"बरोबर बोललात. आमच्याकडं कधी येतं पाणी?"

"तुमचा एरिया माझ्याकडं नाय, मॅडम."

"सगळे हेच म्हणतात," असे म्हणून त्यांनी केसपेपरवर पेनिसिलिन लिहिले. जोडीदाराला सिफिलिस नक्की झालेले असेल आणि संबंध गेल्या तीन महिन्यांतला असेल, तर तपासणीत दिसायची वाट बघत बसत नाहीत. आजच उपचार करतात. सुरुवातीच्या अवस्थेत एकाच वेळचे इंजेक्शन पुरते. आधी कधी पेनिसिलिनने त्रास झाला होता का, अंगावर गांधी उठल्या होत्या का, दम लागला होता का, हे त्यांनी दोनदा विचारले. मग कमरेखाली इंजेक्शन दिले, आणि अर्धा तास बाहेर बसवले. औषध दाट असते. त्याला ते हळूहळू आत शिरताना कळले. 

"आज-उद्या ताप, अंगदुखी आली तर घाबरायचं नाही, एका दिवसात जाते," मॅडम म्हणाल्या. "घशाचा रिपोर्ट आला की कळवू. तोवर आणि नंतरही मी सांगेपर्यंत संबंध नको, तोंडानंसुद्धा. सिफिलिसचं रक्त दीड महिन्यानं परत तपासू, आणि तीन महिन्यांनी एचआयव्हीसकट. पुढं कंडोम वापरायचा, तोंडानं करतानाही. आणि पुन्हा कधी अशी शंका आली तर लगेच या. एचआयव्हीचा धोका खरंच असेल तर त्यावर औषध असतं, पण ते बहात्तर तासांच्या आत सुरू व्हावं लागतं. द्यायचं की नाही ते आम्ही ठरवतो. तुम्ही फक्त वेळेवर यायचं."

दोन दिवस तो एका बाजूवर बसून मोटारसायकल चालवत होता. द्वारकाबाईंनी विचारले, "वाकडा कामून बसायला?" तो म्हणाला, खड्ड्यात पडलो. त्या म्हणाल्या, खड्डे तुमचेच, पडा.

गुरुवारी प्रेरणाताईंचा फोन आला. "तुमची पिशवी तपासली. काही निघालं नाही."

"म्हणजे…"

"म्हणजे तुम्ही फोन केला नसता तर ती गेली असती. तिन्ही भाग तीन पेशंटना. तुमच्यात काही होतंच, असं मी म्हणत नाही. आता कळायला मार्ग नाही. आज सकाळी नष्ट केली."

त्याने आभार मानायला सुरुवात केली तेव्हा दुसऱ्या फोनची घंटा वाजत होती आणि त्यांना ठेवावे लागले.

त्याच संध्याकाळी त्याने सोनियाला फोन केला. 

"घेतलं इंजेक्शन," तो म्हणाला.

"दुखलं?"

"लई."

"मला दोन दिवस पार्लरात उभंच राहावं लागलं. बायका म्हणायच्या, बस की गं." ती हसली. मग हसू थांबले. "मला वाटलं होतं, तू परत फोन करणार नाहीस."

"मी त्या दिवशी चुकीचं विचारलं."

"व्हय. चुकीचंच विचारलं."

घशाचा रिपोर्ट आला, त्यात काही नव्हते. दीड महिन्यानंतरचे रक्त चांगले आले. जुलैत तीन महिन्यांचे आले, तेही. सोनियाच्या रक्तातले आकडे उतरू लागले होते. म्हणजे औषध लागू पडले होते. तिच्या तळहातावरचे डाग केव्हाच गेले होते. तिला अजून काही महिने तपासून घ्यावे लागणार आहे. जुलैतल्या त्या तपासणीला ती सोयगावहून बसने आली, आणि दोघे एकाच बाकावर बसले. मालनबाईंना एवढेच माहीत आहे की सोयगावची एक मुलगी फोन करते आणि पोरगा फोन घेऊन गच्चीवर जातो. त्या वाट बघत आहेत.

ऑगस्टमध्ये मंडळाने स्वातंत्र्यदिनाच्या जवळच्या रविवारी दुसरे शिबिर ठरवले. शिवम बॅनरचा मजकूर घेऊन वॉल्व्हपाशी आला.

"भाई, पहिली पिशवी. टाइम नऊ."

"मला नाय देता येणार. रक्तपेढीचे डॉक्टर सांगतील तेव्हा. कदाचित कधीच नाय."

"कामून? शुगर निघाली का?"

इंद्रजीतने चावी खड्ड्यातून वर घेतली आणि सांगून टाकले. सोयगाव, फोन, पिशवी, इंजेक्शन, आणि अशा उपचारानंतर रक्त घ्यायचे की नाही ते रक्तपेढी ठरवते, हेही. सोनियाचे नाव सोडून सगळे. शिवम आधी हसला.

"तोंडानं? अबे, तोंडानं कुठं होतं का!"

"होतं."

"फेकू नको."

"इंजेक्शनची जागा दाखवू का?"

शिवमचे हसू राहिले, पण त्याला आवाज उरला नाही. "मग आपली पोरं म्हणतात ते चेकअप…"

"ते चेकअप नाय. चेकअप क्लिनिकात करायचं. इथं दिलं तर दुसऱ्याच्या अंगात जातं." त्याने चावी भिंतीला टेकवली. "आणि ह्या टायमाला ताईंचं टेबल हॉलमधी नाय ठेवायचं. मागच्या खोलीत. दार लावून. आत एका टायमाला एकच माणूस."

"मग फोटो कसा काढायचा?"

"खाटेवर काढ."

"उद्घाटनाचा फोटो टेबलावरच चांगला येतो, लाइट तिथं…"

"ए शिव्या."

"बरं, बरं." शिवमने बॅनरच्या कागदाची घडी घातली, परत उलगडली. "ते क्लिनिक किती वाजता उघडतं रे? म्हणजे एखाद्याला विचारायचं असलं तर सांगायला."

शिबिराच्या दिवशी इंद्रजीत मागच्या खोलीच्या दारापाशी स्टुलावर बसला होता. त्याचे काम एकच, दुसऱ्याला आत जाऊ न देणे. दोन पोरांनी वाद घातला, एकाने सेल्फीपुरते आत सोड म्हणून विनवले. त्याने दार सोडले नाही. सूत्रसंचालकाने सवयीने त्याचे नाव पुकारायला तोंड उघडले आणि सावरून घेतले. पहिली पिशवी मोनाली दाभाडेची झाली. ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिचे हे पहिलेच रक्तदान. टाळ्या तेवढ्याच झाल्या. मालनबाई पुढच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी मोनालीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि नेहमीचा प्रश्न तिला विचारला.

शिवम स्वतः मागच्या खोलीत गेला तेव्हा साडेदहा झाले असतील. इतरांपेक्षा त्याला जास्त वेळ लागला. बाहेर आला तो खाटांकडे वळला नाही. चहाच्या टेबलाशी गेला, कुणाच्या तरी हातात मोबाइल देऊन म्हणाला, "आजचे फोटो तू काढ, माझं बीपी वाढलंय." कुणी काही विचारले नाही. जाताना तो दारापाशी थांबला.

"उद्या तुझी सकाळची फेरी किती वाजता संपते?"

"साडेआठला."

"येतो मग वॉल्व्हपाशी."

उद्या सोमवार. उस्मानपुऱ्यातल्या पुढच्या गल्लीचा वॉल्व्ह सकाळी सहा दहाला उघडेल. क्लिनिकची ओपीडी नऊ वाजता सुरू होते. मागच्या गल्लीचा पाण्याचा दिवस पावसाळ्यापासून सोमवार संध्याकाळवर गेला आहे. पाणी साडेसहाला सुटेल आणि द्वारकाबाईंच्या नळाला सातच्या पुढे येईल.